फासा पडताना माइक चालू हवा

बहमनी दरबारातला एक हबशी शिक्केदार रात्री दारू प्यायला बसला आहे. समोरचे लोक त्याचे मित्र नाहीत, पण पाजताहेत मित्रांसारखे. गप्पा रंगल्यावर त्यांच्यातला एकजण घडी घातलेला कोरा कागद पुढे सरकवतो. वजीरसाहेबांचा शिक्का एवढ्यावर मारून टाक म्हणतो. शिक्केदार मारतो. पुढे त्याच कागदावर ओरिसाच्या गजपती राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार होतं, ते सुलतान तिसऱ्या महंमदशहासमोर येतं आणि एप्रिल १४८१ मध्ये वजीर ख्वाजा महमूद गावानचा शिरच्छेद होतो. इतिहासकार फरिश्त्याने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. गावानने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा बिदरच्या जुन्या गावात आजही उभा आहे. त्याची इराणी धाटणीची रंगीत टाइलांची सजावट बरीच गेली, तरी जी उरली आहे ती पाहायला माणसं थांबतात. गावानला मारल्यानंतर वर्षभरात सुलतानही गेला आणि बहमनी राज्याचे तुकडे पडायला लागले.

आता हाच प्रसंग चौघापाचजणांनी एका टेबलाभोवती बसून खेळायचा. एकाने शिक्केदार व्हायचं, एकाने पाजणारा, एकाने दारावरचा पहारेकरी, एकाने गावानच्या घरातला एखादा कारकून. पाचवा सगळं जग सांभाळणार: रात्र किती झाली, दिव्यात तेल किती उरलं, बाहेर कुणाची पावलं वाजली. तो शिक्केदाराला विचारतो, ‘कागद समोर आलाय. काय करतोस?’ शिक्केदार झालेला मुलगा म्हणू शकतो, ‘शिक्का मारत नाही.’ पण चार पेले पोटात गेलेत. नाही म्हणायची शुद्ध उरली आहे का, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. पंधरा किंवा वर पडलं तर शुद्धीवर, खाली पडलं तर इतिहासात झालं तेच. फासा टाकला जातो आणि सगळे टेबलावर वाकतात.

या खेळप्रकाराला रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्याची पहिली छापील नियमावली १९७४ मध्ये अमेरिकेत निघाली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने तीन छोट्या पुस्तिकांचा खोका काढला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाच्या शिपायांच्या फौजा लढवत असत. नवीन कल्पना एवढीच, की खेळाडूने फौज चालवायची नाही, एकच माणूस व्हायचं आणि त्या माणसाच्या तोंडून बोलायचं. गोष्ट सांभाळणाऱ्याला डंजन मास्टर, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडचा डीएम, हे नाव नंतर चिकटलं. सोंगट्या नसल्या तरी चालतं. कागद, पेन्सिल, फासे आणि तीनचार तास पुरतात.

हा खेळ खेळण्यात मजा आहे, हे पटायला वेळ लागत नाही. पण दुसऱ्यांनी खेळलेला खेळ तिसऱ्याने कानाला हेडफोन लावून तीन तास ऐकायचा, हे कुणालाही पहिल्यांदा ऐकताना खुळेपणाचं वाटतं. ‘क्रिटिकल रोल’ हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. व्यंगपटांना आणि व्हिडिओ गेमना आवाज देणाऱ्या लॉस एंजेलिसच्या काही कलाकारांनी २०१२ मध्ये एका मित्राच्या वाढदिवसासाठी घरी डाव मांडला. तो पुढे चालत राहिला आणि मार्च २०१५ पासून त्याचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. डीएम मॅथ्यू मर्सर. एकेक भाग तीन, चार तासांचा, त्यात काटछाट जवळजवळ नाही. २०१९ मध्ये त्यांनी या कथेवर कार्टून काढायला श्रोत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. हाती आले एक कोटी १३ लाखांहून जास्त. २०२२ मध्ये ती मालिका ॲमेझॉनवर आली. दुसऱ्या टोकाला ‘द ॲडव्हेंचर झोन’. मॅकेलरॉय आडनावाचे तीन भाऊ आणि त्यांचे वडील क्लिंट यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला, नीट कापूनछाटून तासाभरात बसवलेला पॉडकास्ट. मुलांनी बापाला नियम शिकवायचे आणि बापाने ते दर वेळी विसरायचे, यातच पहिल्या काही भागांची अर्धी गंमत आहे.

जपानने तर माइकशिवायच हे करून दाखवलं. १९८६ मध्ये ‘कॉम्प्टिक’ या मासिकात ‘ग्रुप एसएनई’ या मंडळाने आपल्या डावाचा वृत्तांत संवादाच्या रूपात क्रमशः छापला. कोण काय बोललं, फासा किती पडला, कोण चिडलं, सगळं. त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ उभं राहिलं. आधी वाचनीय डाव, मग कादंबऱ्या, मग ॲनिमे. तिथे अशा छापील डावाला ‘रिप्ले’ म्हणतात.

बिदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात हा खेळ रेकॉर्ड करायचा विचार केला, की मला आधी अमेरिका आठवत नाही, जपानही नाही. आठवतात ते इथले तीन ग्रंथ. तिन्ही पंधराव्या शतकाच्या आसपासचे, तीन भाषांमधले, आणि तिन्हींचा घाट एकच: माणसं बसली, बोलली, आणि कुणीतरी ते लिहून ठेवलं.

पहिला कन्नड. बाराव्या शतकात बसवकल्याणला बसवण्णांभोवती जमलेल्या शरण-शरणींचे अनुभव-संवाद पुढे वचनांच्या रूपाने तोंडोतोंडी आणि ताडपत्रांवर फिरत राहिले. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी ती सुटी वचनं उचलून अल्लमप्रभूंना केंद्रस्थानी ठेवलं आणि प्रश्न-उत्तर, आव्हान-प्रत्युत्तर अशा नाट्यात बसवली. तो ‘शून्यसंपादने’. अक्कमहादेवी कल्याणला येते तेव्हा अल्लमप्रभू तिला दारातच उलटसुलट प्रश्न विचारतात आणि ती एकेकाला पुरून उरते, तो भाग कुणाही डीएमने अभ्यासावा. पण हे ध्वनिमुद्रण नव्हे, संपादन आहे, तेही काही शतकांनंतरचं. पुढच्या संपादकांनी त्यात आपापल्या परीने फेरफार केले आणि ग्रंथाच्या चार आवृत्त्या झाल्या.

दुसरा फारसी. कलबुर्गीत ज्यांचा दर्गा आहे ते ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज १४०० च्या सुमारास दिल्ली सोडून दख्खनेत आले आणि १४२२ मध्ये इथेच वारले. त्यांच्या बैठकीतलं बोलणं त्यांचे चिरंजीव सय्यद अकबर हुसैनी यांनी ‘जवामिउल कलिम’ या ग्रंथात बैठकीगणिक टिपून ठेवलं. सूफींमध्ये याला मलफूजात म्हणतात. याचा नमुना घालून दिला अमीर हसन सिज्जी या कवीने. त्याने दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचं बोलणं वर्षानुवर्षं लिहिलं, मग लिहिलेलं त्यांनाच दाखवलं, आणि जिथे जागा सुटल्या होत्या तिथे औलियांनी भर घालून दिली. हा सिज्जी शेवटी दौलताबादला आला. त्याची कबर खुलताबादला आहे.

तिसरा आपला, मराठी. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमाजवळ. सरस्वती गंगाधरांचं ‘गुरुचरित्र’ सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादात चालतं. नामधारक विचारतो म्हणून सिद्ध सांगतो. आणि त्यातला डाव केवढा लांब आहे पाहा. नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक धोबी नदीकाठी राजाचा थाट पाहून हरखतो. श्रीपाद श्रीवल्लभ त्याला विचारतात, हे सुख या जन्मी हवं की पुढच्या? धोबी हिशेब करतो. म्हातारपण आलं, आता राज्य मिळून काय करू? तो पुढचा जन्म मागतो. मग चाळीस अध्याय त्याचं नावही नाही. पन्नासाव्या अध्यायात वैदुरानगरीचा, म्हणजे बिदरचा, यवन राजा मांडीवर फोड घेऊन गाणगापूरला येतो. तिथले नृसिंहसरस्वती, श्रीपाद श्रीवल्लभांचाच पुढचा अवतार, त्याला धोबी म्हणूनच हाक मारतात आणि त्याला सगळं आठवतं. खेळाडूने पहिल्या सत्रात सहज केलेली एक निवड इतक्या लांब जपून मग परत आणणं हे डीएमचं खरं कसब असतं. आणि ते फक्त नोंद ठेवली तरच जमतं.

खेळाचा पॉडकास्ट करणाऱ्याला हे तिन्ही रस्ते खुले आहेत. बैठक जशी झाली तशी, तारीखवार. नंतर बसून रचलेली. किंवा एकाने विचारावं आणि दुसऱ्याने सांगावी अशी, कथन म्हणून. बहुतेक नवखे पहिल्या रस्त्याने जातात आणि आपटतात. चौघांच्या तीन तासांच्या डावात किमान पाऊण तास ‘थांब, नियम बघतो’, ‘फोन आलाय’ आणि ‘चहा ठेवू का’ यात जातो. तो कापलाच पाहिजे. मर्सरच्या टेबलावर बसलेले लोक आवाजाचे व्यावसायिक आहेत, त्यांचं न कापलेलं ऐकवतं. आपलं ऐकवत नाही. अमेरिकेत ‘मर्सर इफेक्ट’ म्हणून तक्रारच आहे: त्याचा कार्यक्रम पाहून आलेले खेळाडू घरच्या डीएमकडून तसलाच अभिनय मागतात आणि हिरमुसतात.

एक गोष्ट मात्र कापायची नाही. फासा पडायच्या आधीची शांतता, फाशाचा आवाज आणि आकडा वाचल्यावर टेबलावर उठलेला ओरडा. माझ्या मते सगळा खेळ या तीन-चार सेकंदांत आहे. आकाशवाणीच्या नाटकात शिक्केदार अडखळतो तेव्हा लेखकाने त्याला अडखळवलेलं असतं. इथे अडखळला तेव्हा डीएमलाही माहीत नव्हतं, बोलणाऱ्यालाही नाही. संपादक एरवी शांतता दिसली की कात्री चालवतो. इथे कात्री चालवली तर उरतं ते बऱ्यापैकी वाईट श्रुतिकेचं रेकॉर्डिंग. म्हणून फासा पडद्याआड टाकू नये. पडद्याआड डीएम आकडा बदलतो, गोष्ट सांभाळण्यासाठीच बदलतो, पण श्रोत्याला ते कळतं. कसं कळतं सांगता येत नाही. कळतं एवढं खरं.

घरच्या वडीलधाऱ्यांना फासा म्हटलं की युधिष्ठिर आणि नळ आठवतात, तेव्हा पैसे लावलेले नाहीत हे आधीच सांगितलेलं बरं.

आता आवाजाचं. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद गाव आपल्या घराघरांच्या पायाखाली आहे. शहाबादी फरशी उन्हाळ्यात गार असते, सडा-सारवणाची कटकट नसते, पण रेकॉर्डिंगला ती वैरीण. गुळगुळीत दगडावरून आवाज आपटून परत येतो आणि माइकमध्ये बोलणारा विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. बिदर-बसवकल्याणकडच्या जुन्या वाड्यांत तर भिंतीही दगडी. उपाय महागडे नाहीत: जाड सतरंजी, भिंतीला दोरीवर टाकलेल्या गोधड्या, बसायला गाद्या. फासा लाकडी टेबलावर टाकला तर तो फटाक्यासारखा फुटतो आणि त्या क्षणी बोलणाऱ्याचं वाक्य खातो. घोंगडीचा तुकडा घातलेलं ताट वापरलं तर खडखड ऐकू येते, पण कानाला टोचत नाही. पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात या भागात पंखा बंद ठेवून तीन तास बसणं ही तपश्चर्याच, म्हणून पहाटे किंवा दिवाळीनंतर खेळावं.

एका माइकवर सगळ्यांचा आवाज घेतला तर जो जवळ बसला त्याचीच गोष्ट होते. प्रत्येकाला कॉलरचा माइक आणि प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक हे एकदा जमलं, की कुणी शिंकलं तर त्याचाच ट्रॅक बंद करता येतो. मग साठवणीचा प्रश्न येतो. न दाबलेला एकपदरी आवाज सीडीच्या दर्जाने घेतला तर तासाला सुमारे ३१८ एमबी. चार माइक, तीन तास, म्हणजे ३.८ जीबी, एका बैठकीचे. श्रोत्याकडे जाणारी दाबलेली फाइल त्याच्या मानाने किरकोळ, ६४ केबीपीएसला तासाला २९ एमबी. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात. महाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या, मूळ पोथी धामधुमीत हरवली, मग शिष्यांनी स्मरणावरून पुन्हा लिहिली आणि पाठभेद झाले. त्या पाठभेदांवर विद्यापीठांतून प्रबंध झाले, ते ठीक. आपल्या डावावर कुणी करणार नाही.

या भागातल्या टेबलाची खरी ताकद भाषेत आहे, आणि ती लॉस एंजेलिसला मिळणार नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी, पलीकडे तेलुगू, आणि खेळाचं पुस्तक इंग्रजीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. रेषा पडली, सोयरिकी तुटल्या नाहीत. बसवकल्याणजवळच्या लाडवंतीला १८१७ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे हुमनाबादजवळच्या माणिकनगरला राहिलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानीत पदं रचली. तिथल्या दरबारात ती एकामागून एक म्हटली जातात आणि कुणी भाषांतर मागत नाही. मग डावात तरी का मागावं? शिक्केदाराने दख्खनीत बोलावं, कारकुनाने ‘काय करलालास?’ म्हणावं, पहारेकऱ्याने कन्नडमध्ये दरडावावं. ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. त्याला भाषा बदलली की माणूस बदलला हे आपोआप कळतं, आणि वेगवेगळे आवाज काढायची कसरत वाचते. एखादं वाक्य नाही समजलं तर डीएम पुढच्या वाक्यात त्याचा परिणाम सांगतोच: ‘पहारेकरी दारात आडवा उभा राहिला.’

इथेच मोठा खड्डाही आहे. दख्खनी बोलली की हसायचं अशी सवय आपल्याला सिनेमा-विनोदांनी लावली आहे. टेबलावर मित्रामित्रांत एखादी जात, एखादी बोली, एखादा धर्म नकलेचा विषय होतो, सगळे हसतात, विषय संपतो. रेकॉर्ड केलं की संपत नाही. ते कलबुर्गीच्या बसस्टँडवर कुणीतरी ऐकणार आहे. हसन सिज्जीने लिहिलेलं औलियांना दाखवलं होतं. आपणही फाइल बाहेर सोडण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाला ऐकवावी आणि कुणी एकजण नको म्हणाला तर तो भाग जावा. बहुमत घेऊ नये.

आणि संतांना पात्र करू नये. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनकार शेकडो वर्षं रंगवत आले आहेत: दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं रयतेला मोकळी करणारे दामाजी, पकडून न्यायला आलेले शिपाई, आणि विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात दाम मोजणारा विठ्ठल. एकटा कीर्तनकार बादशहा होतो, दामाजी होतो, विठूही होतो आणि कुणाला खटकत नाही, कारण शेवट काय हे मांडवातल्या पोरालाही ठाऊक असतं. फाशाच्या खेळात शेवट ठाऊक नसतो. विठ्ठलाच्या नावाने टाकलेल्या फाशावर एक पडला तर डीएमने काय सांगायचं? बसवण्णा, बंदेनवाज, नृसिंहसरस्वती यांच्याबद्दलही हेच. या जिल्ह्यांत ही नावं इतिहासातली नाहीत, चालू आहेत. आणि गंमत म्हणजे त्यांना सोडलं की डाव जास्त चांगला होतो. दामाजीच्या कथेत मला खेळायचा आहे तो बिदरचा खजिनदार. समोर एक काळा, घोंगडीवाला माणूस उभा आहे, थैलीतून मोहरा संपत नाहीत, आणि याला पावती द्यायची आहे. पावती कुणाच्या नावाने फाडायची? मोहरा खऱ्या आहेत का? वरिष्ठांना आत्ता उठवायचं की मोजून झाल्यावर? तीन तास सहज जातील.

नवख्या डीएमला स्थळं शोधायला लांब जायला नको. डंजन म्हणजे तळघर, भुयार. बिदरच्या नौबादला बहमनी काळातलं करेज आहे, जमिनीखालून पाणी वाहून नेणारा कोरीव बोगदा, मधूनमधून वर उघडणाऱ्या विहिरींसह. मशाल, ओलसर दगड, डोक्यावर दूर एक गोल उजेड, आणि कुठल्या विहिरीखाली आहोत हे माहीत नाही. किल्ल्यात रंगीन महाल आहे, कलबुर्गीच्या किल्ल्यात छप्पर घातलेली अवाढव्य जामा मशीद आहे. कथानकाला एल्फ आणि ड्रॅगन लागतातच असं नाही. २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच अधिकृत ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात कोलकात्यात वाढलेल्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नदीकाठच्या धाटणीचा डाव लिहिला. दख्खनेचा कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

राहता राहिला नियमांचा प्रश्न. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठी-कन्नडमध्ये खेळताना दर पाच मिनिटांनी गाडी अडते. पण जानेवारी २०२३ मध्ये परवान्यांवरून मोठं भांडण झालं, खेळाडू ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या कंपनीवर उलटले, आणि महिनाअखेरीस कंपनीने माघार घेत पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली सोडून दिला. श्रेय दिलं की झालं. तो भाषांतरित करता येतो, बदलता येतो, त्यावर पॉडकास्ट करता येतो, वहीच्या आकाराची पुस्तिका छापून विकताही येते. फक्त ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव आपल्या पुस्तिकेवर टाकता येत नाही. नवं नाव भालकीतल्याच पोरांना शोधावं लागेल.